नदीवाल्यांची वसाहत आणि सव्वाआठ फुटांची वाट



भात पोटरीत आलंय, पावसानं चार दिवस उघडीप दिलीय आणि खता-फवारणीचं काही निघालेलं नाही. म्हणून आज पिकाचं न लिहिता शेजाऱ्यांचं लिहितो. बरेच जण फोनवर विचारतात, "दादा, तुमच्या रानाला लागून ती नदीवाल्यांची वसाहत झालीय, त्रास नाही का होत?" होय किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आमचं गाव वेल्हे तालुक्यात, गुंजवणी नदीच्या काठाला. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात अजून वेल्हंच बसलंय. ही नदी पुढं नीरेला मिळते आणि नीरा भीमेला. सात वर्षांपूर्वी माझ्या रानाच्या तिन्ही बाजूंची जमीन विकली गेली. माझे ऐंशी गुंठे मी ठेवले. तिथं चाळीसएक घरं उभी राहिली. बहुतेक पुण्याची रिटायर माणसं, काही लेकराबाळांची, दोन-तीन घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारी. माझं घर त्यांच्या मधोमध आलं, त्यामुळं बैठकीचं बोलावणं मलाही येतं. वर्गणी मात्र मागत नाहीत, हे बरंय.

आता इकडं 'रिव्हर टच प्लॉट'च्या पाट्या किती लागल्यात ते तुम्ही बघताच. मुरूम टाकून नदीचा काठ पुढं ढकलायचा, पाण्यापर्यंत भिंत न्यायची आणि गेट लावायचं, ही सगळीकडची रीत. महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणं नदीचं पात्र सरकारचं, पण भिंत एकदा उभी राहिली की कोण मोजायला येतंय? या लोकांनी तसं केलं नाही, हे पहिलं सांगितलं पाहिजे. पाटबंधारे खातं पुराच्या दोन रेषा आखतं. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. हे लोक त्याच्यावर थांबले नाहीत. माझ्या थोरल्या चुलत्यांना, नानांना, दोनदा बोलावून विचारलं की तुमच्या आठवणीत पाणी कुठंवर आलं होतं. नानांनी काठी टेकून जागा दाखवली. घरं त्याच्याही वर बांधली. खाली नदीपर्यंत बांधकाम नाही, नुसती झाडं आणि दीडएक किलोमीटरची मातीची वाट. ते तिला 'ट्रेल' म्हणतात. आम्ही आपली नदीची वाट म्हणतो. पेव्हर ब्लॉक नाहीत, दिवे नाहीत.

सांडपाण्याचंही तसंच. टाकीतून निघालेलं पाणी खडी भरलेल्या चरातून जातं आणि चरात कर्दळ आणि पाणकणीस लावलंय. मुळांपाशी जिवाणू राहतात, ते घाण खातात आणि बाहेर येतं ते पाणी बागेला जातं. मी वर्षभर वास घेऊन बघितला, येत नाही. आमच्या गावाची गटारं मात्र अजून थेट ओढ्यात जातात. हे लिहिल्यावर ग्रामपंचायतीतून फोन येणार, येऊ दे.

मग खटके कुठं उडाले? पहिला उडाला झुडपांवरून. दुसऱ्या वर्षी त्यांनी वाट 'स्वच्छ' करायला घेतली. पेट्रोलचं गवतकापं आणलं आणि काठाचा लव्हाळा, निगडी, करंजाची बारकी रोपं सगळं जमिनीलगत कापलं. म्हणे चालताना नदी दिसली पाहिजे. मी म्हणलं, "साहेब, नदी दिसण्यासाठी तिचे हातपाय कापू नका. काठ त्या मुळ्यांनी धरलाय." थोडा भाग आधीच कापून झाला होता, उरलेला माझ्या सांगण्यावरून ठेवला. त्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं तेव्हा कापलेल्या भागात काठ ढासळला, वाटच गेली. ठेवलेल्या भागात वाळुंज आणि करंज आडवे झाले आणि पाणी उतरल्यावर परत उठले. त्यानंतर त्यांच्याकडचं गवतकापं मी नदीच्या बाजूला बघितलं नाही.

दुसरा खटका माझ्यावरच होता. बैठकीत एक मॅडम म्हणाल्या, "दादा, तुमच्या भातातला युरिया नदीत उतरतो, त्याचं काय?" राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. युरिया फेकून दिला तर थोडा हवेत जातो, थोडा पाण्याबरोबर वाहतो. मी त्यांना खाचरातच नेलं. मी चारसूत्री करतो हे तुम्हाला माहितीय. २५ आणि १५ सेंटिमीटर आलटून पालटून अंतर, चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. गुंठ्याला ६२५ ब्रिकेट. गोळी चिखलात खाली बसते, पिकाला हळूहळू मिळते आणि बांधावरून पाणी गेलं तरी खत जात नाही. मॅडमनी साडीचा पदर खोचून एक ओळभर ब्रिकेट खोचल्या. कंबर धरली तेव्हा कुठं थांबल्या. पुढच्या वर्षी त्यांनीच दोन घरांतून माणसं आणली. मजुरीची तेवढीच मदत.

आता मूळ गोष्ट. ही वाट पुढं जिथं संपते तिथं आमचा घाट आहे. स्मशान म्हणा. पंचायतीची पत्र्याची शेड, खाली दहाव्याचे दगड. वसाहत यायच्या आधीपासून गावची मयत याच वाटेनं जाते. धनगराची मेंढरंही इथूनच उतरतात. सुरुवातीला वसाहतीतल्या लोकांना हे माहीतच नव्हतं असं नाही, पण सकाळी फिरायला निघाल्यावर समोरून तिरडी येणं वेगळं. एकदोघांनी विचारलंही, दुसरीकडं नाही का करता येणार? आणि एक पत्र आलं की राख, गाद्या, कपडे नदीत टाकू नयेत. पत्रातलं म्हणणं बरोबर होतं. पण गावात त्याचा अर्थ झाला, 'आता मेल्यावरही यांना विचारायचं.'

गेल्या वर्षी आषाढात नाना गेले. पाऊस झडीचा, संध्याकाळ झालेली. वाट चिखलाची. चौघांच्या खांद्यावर तिरडी, पुढं मडकं धरून चुलतभाऊ, मागं गाव. वसाहतीजवळ आलो तर दोन्ही बाजूंना टॉर्च घेऊन माणसं उभी. कोणी सांगितलेलं नव्हतं. ज्या इंजिनिअर साहेबांना नानांनी पुराची जागा दाखवली होती, त्यांनी ढासळलेल्या ठिकाणी खांदा दिला. घाटापर्यंत आले, अग्नी दिल्यावरच परतले.

तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर काकी म्हणाल्या, "यांनी जन्म रानात काढला, नदीत कशाला सोडता? रानातच टाका." राख जांभळाच्या खड्ड्यात टाकली. त्या पत्राचा आणि याचा काही संबंध नाही, काकींना पत्र आलेलं ठाऊकही नव्हतं. पण गावात दोघातिघांनी नंतर तसंच केलं. गाद्या, उशा अजून टाकतात. ग्रामसभेत मी बोललो, तर म्हणाले तू आता त्यांचाच झालास.

आणि या उन्हाळ्यात वसाहतीनं गेटचा विषय काढला.

कारण खरं होतं. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या येतात, वाटेच्या तोंडाशी लागतात, खाली बसून दारू पितात, बाटल्या दगडावर फोडतात. वसाहतीतल्या एका पोराच्या पायात काच गेली, पाच टाके पडले. धनगराची दोन मेंढरं लंगडी झाली. ठराव असा, की वाटेच्या तोंडाला लोखंडी गेट, संध्याकाळी सातला बंद, सकाळी सहाला उघडं, किल्ली वॉचमनकडं.

मी म्हणलं, "मरण सातच्या आत येईल असं कोणी लिहून देईल का?"

साहेब म्हणाले, "भाऊ, फोन केला की दोन मिनिटांत उघडेल. गावाला कोण अडवतंय?"

"आज फोन करायचा, उद्या नोंद करायची, परवा परवानगी. खांद्यावर माणूस घेऊन किल्लीची वाट बघायची का आम्ही?"

एकानं राजस्थानचं उदाहरण दिलं. अलवर जिल्ह्यात अरवरी नदीकाठच्या सत्तरएक गावांनी १९९९ साली नदीची संसद स्थापली, नियम केले, तसे आपण करू म्हणाले. मलाही ते आवडतं. पण त्या संसदेत गावं बसतात. इथं बैठकीला गावातला मी एकटा, तोही रान विकलं नाही म्हणून.

भांडून उपयोग नव्हता. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढली. ही माहिती तुमच्याही कामाची, नीट वाचा. गावनकाशात पायमार्ग तुटक रेषेनं दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. आमची नदीची वाट त्यात घाटापर्यंत सरळ आहे. वहिवाटीच्या रस्त्याला कोणी अडथळा केला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडं दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. उशीर केला की फिरत बसा. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा मागायचा असेल तर महसूल संहितेचं कलम १४३, ते वेगळं. दोन्हीची गल्लत करू नका.

नकाशा बैठकीत टेबलावर पसरला. अर्जाचं नाव काढलं नाही. त्यांच्यातल्याच एका वकिलांनी चष्मा वर करून रेषेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथं गेट बसणार नाही." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ज्या आईच्या पोराला काच लागली होती ती म्हणाली, "मग माझ्या पोराचं काय?" तिचंही चुकत नव्हतं आणि नकाशात त्याचं उत्तर नव्हतं.

उपाय शेवटी जागेवर जाऊन निघाला. गाड्या येतात कारण वाटेच्या तोंडाला त्या लावायला सपाट जागा आहे, आणि ती जागा वसाहतीच्या मालकीची. तिथं दगडांची ताल रचली, मागं करंज लावले. वाट सव्वाआठ फूट मोकळी. गाडी लावायला, वळवायला जागाच नाही म्हणल्यावर चारचाकी कमी झाल्या. शनिवार-रविवारी त्यांचा वॉचमन आणि आमची दोन पोरं फेरी मारतात, पोरांचे पैसे वसाहत देते. मोटारसायकली येतातच. मागच्या रविवारी अर्धं पोतं बाटल्या निघाल्या. आधी दोन पोती निघायची.

एक राहिलंय. वाटेच्या तोंडाला त्यांची जुनी पाटी आहे, 'खासगी मार्ग, फक्त रहिवाशांसाठी.' ती काढायची की बदलायची यावर गणपतीनंतरच्या बैठकीत बोलणं आहे. या वेळी गावातली पाच माणसं बसवा असं मी कळवलंय, त्यात काकींचं नाव पहिलं घातलंय.