परमिट रूममधला गिटारवाला

उमरगा, 28 मार्च 2017, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, साखरेची गाठी चढवली. दुपारी हायवेवर चहाला गेलो तर सगळीकडे एकच विषय. येत्या शनिवारपासून राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 15 डिसेंबरचा, पण इथं कुणाला तो खरा वाटला नव्हता. सोलापूर–हैदराबाद रस्ता गावातून जातो आणि परमिट रूम त्याच्याच कडेला. निकालामागचं कारण मला पटतं. नळदुर्ग ते उमरगा रात्रीची गाडी ज्यानं चालवली आहे तो त्यावर वाद घालणार नाही. तरी जीव खालीवर होतोय, कारण मी वादक झालो तो असल्याच खोल्यांत.

पहिली खोली पुण्यात, कॅम्पात. मोजकी टेबलं, कोपऱ्यात फ्रीज सरकवून आमची जागा. माझी गिव्हसन गिटार, आहुजाचा अ‍ॅम्प. ड्रमरचा अख्खा सेट मावायचा नाही म्हणून स्नेअर आणि हाय-हॅट एवढंच. डोक्यात डीप पर्पल, आणि मालकाची ताकीद अशी की टेबलावरचं बोलणं बुडता कामा नये. रॉक हळू वाजवायचं कसं? उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा, ठोक्याचा जोर मात्र सोडायचा नाही. सगळा जोर वेळेवर बसण्यात असतो, आवाजात नसतो, हे तिथं कळलं. मुंबईच्या रंगभवनात मोठमोठे बँड आम्ही प्रेक्षकांतून ऐकले होते. तिथं वाजवायचं स्वप्नही होतं. पण हात तयार झाला तो या फ्रीजशेजारी.

31 मार्च, शुक्रवार

आज न्यायालयाचं स्पष्टीकरण आलं. 20 हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावांना 220 मीटर, बाकीच्यांना 500च. आणि बंदी फक्त दुकानांना नाही, बारलाही. उमरग्याला सूट नाही. संध्याकाळी ओळखीच्या परमिट रूममध्ये गेलो. वेटर विचारत होता, "मास्तर, उद्यापासून आम्ही काय करायचं?" त्याचं घर लोहाऱ्याकडे, पगारापेक्षा टिपवर चालणारं. मला उत्तर सुचलं नाही.

1 एप्रिल, शनिवार

दारं बंद. मला ऑगस्ट 2005 आठवला.

तेव्हा मी पनवेलच्या एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये होतो. रॉक मागं पडलं होतं; पोटासाठी आर. डी. बर्मन, लावणी, कव्वाली, जी फर्माईश येईल ती. बिलाच्या पाठीवर चिठ्ठी यायची. कीबोर्डवाला सातारचा, ऑक्टोपॅडवाला बार्शीचा, ढोलकीवाला तमाशाच्या फडातून आलेला. या ढोलकीवाल्यानं मला लय शिकवली. माझ्या चार मात्रांच्या बीटवर तो सहाचा डाव टाकायचा आणि बरोबर समेवर येऊन हसायचा. कुठल्याही क्लासात हे मिळालं नसतं.

त्याच ऑगस्टमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंद केले. ज्या मुलींचा संसार बुडाला त्यांचा आकडा सुमारे 75 हजार म्हणून सांगितला गेला, न्यायालयातही मांडला गेला. 2006 मध्ये उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, 16 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. या सगळ्या वादात वादकांचा आकडा माझ्या तरी वाचनात आला नाही. मुलींचं दुःख आमच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, हे मान्य. पण वादकही कामगार आहे. तो पांगला की त्याच्याबरोबर ती एकत्र बसलेली लयही पांगते. आमची कायमची पांगली.

2 एप्रिल

'नाचुंया कुंपासार' हा कोकणी सिनेमा पुन्हा पाहिला. गोव्याची गायिका लोर्ना आणि वादक क्रिस पेरी यांच्या आयुष्यावरून सुचलेला. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये ती गायची. कोकणी माणसांनी आपल्या बारमधल्या वादकांना असा मान दिला याचा हेवा वाटतो. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांवर असं कुणी करायला हवं.

6 एप्रिल

रात्री लाईट गेली आणि सोलापूरचे दिवस आठवले. पनवेल सुटल्यावर तिथं वाजवायचो. भारनियमनाचा काळ, बारच्या मागं जनरेटर. वीज 50 सायकलची. तिची अ‍ॅम्पमधली घरघर पांढरी पाच पट्टीच्या किंचित वर पडते. त्या पट्टीत गाणं घेतलं की सूर आणि घरघर एकमेकांशी भांडत राहायचे. जनरेटरवर लोड वाढला की घरघर खाली यायची. मग पांढरी पाचमधलं गाणं दुसऱ्या पट्टीत न्यायचं. गाणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेवायचं. आजही कुठल्या हॉलमध्ये शिरलो की आधी कान घरघरीकडे जातात.

12 एप्रिल, येरमाळा

काल चैत्री पौर्णिमा. आज येडेश्वरीची पालखी आमराईत. चुनखडी वेचायला माणसांचा पूर. आराध्यांचे मेळे जागोजाग. एक म्हातारी गात होती, जवळ संबळ, झांज, तुणतुणं. शेजारी दुसरा मेळा, पलीकडे रसवंतीचा स्पीकर, पोरांचे भोंगे. ती कुणाकडे बघत नव्हती, आवाज वाढवत नव्हती, आणि माणसं हळूहळू तिच्याकडे वळत होती. तुणतुण्याची एकच तार, तीही जराशी चढलेली. तिनं आपला गळा तिथंच नेऊन बसवला. मी बराच वेळ उभा राहिलो. आम्हाला बारमध्ये हेच जमवायचं होतं. आपल्याला ऐकायला न आलेल्या माणसाला न ओरडता थांबवायचं.

14 एप्रिल, उमरगा

आंबेडकर जयंती. मिरवणुकीत बँजो पार्टी, भीमगीतं. बँजोवरचा पोरगा विशीतला, सुरात पक्का. मिरवणूक संपल्यावर गाठलं त्याला. एरवी हायवेवरच्या एका गार्डन बारमध्ये शनिवारी गिटार वाजवायचा म्हणाला, ते आता बंद. "मास्तर, पुण्याला जाऊ का?"

जा म्हणालो. रोज वाजवायला मिळेल अशी लहान जागा धर, मोठ्या स्टेजच्या मागं एवढ्यात लागू नको. ढोलकीवाला भेटला तर त्याला सोडू नको. आणि बिदागी ठरल्याशिवाय गिटार कव्हरमधून काढू नको. त्यानं फोन काढला, कॅम्पातला पत्ता लिहून घेतला. ती खोली अजून आहे का ते उद्या फोन करून विचारतो.