गुलाबाच्या पानातली राखण

पावसाळ्यात दौंडकडच्या गुलाबांवर काळे ठिपके येतात, थंडी पडली की कोवळ्या शेंड्यांवर भुरी. मी गुलाबाचे डोळे भरणारा माणूस, त्यामुळे रोगाआधी माझी नजर जातीकडे जाते. एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर एक झाड निष्पर्ण होतं आणि शेजारचं हिरवंगार राहतं. फवारणी दोघांना सारखीच झालेली असते.

या फरकामागे पानाची स्वतःची राखण असते. तिच्यातला एक राखणदार म्हणजे लेक्टिन, ठरावीक साखरेला नेमकं चिकटणारं प्रथिन. 1888 साली स्टिलमार्क या संशोधकाने एरंडाच्या बियांच्या अर्काने रक्तपेशींच्या गुठळ्या होतात हे दाखवलं आणि या अभ्यासाला सुरुवात झाली. आपल्या बांधावरचाच एरंड! काळे ठिपके आणि भुरी हे दोन्ही बुरशीचेच रोग. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन हा साखरेच्या साखळ्यांचा पदार्थ असतो, झाडात तो नसतो. म्हणून परका ओळखायला ही खूण पक्की. रबराच्या चिकातलं हेवीन हे लेक्टिन कायटिनला धरून बुरशीच्या तंतूंची वाढ रोखतं. काही झाडांत पेशीच्या पृष्ठभागावरची ग्राहक प्रथिनं कायटिनचे तुकडे हेरतात आणि आतली सारी संरक्षणव्यवस्था जागी करतात. मात्र प्रत्येक लेक्टिन बुरशीशी लढत नाही. पांगाऱ्याचं लेक्टिन गॅलॅक्टोजला चिकटतं, कायटिनला नव्हे.

गुलाबाचं सगळं श्रेय लेक्टिनला देणंही मला पटत नाही. काळ्या ठिपक्याला अडवणारं आरडीआर-1 हे जनुक रोझा मल्टिफ्लोरात सापडलं, आणि त्याची कामाची रीत निराळी आहे. हीच मल्टिफ्लोरा आपण खुंट म्हणून लावतो. खुंट मुळं देतो, जोम देतो. पण त्याची जनुकं वर भरलेल्या डोळ्यात उतरत नाहीत. पान ज्या जातीचं, राखणही तिचीच. खुंट दणकट म्हणून कलम निरोगी राहील, असं सांगून कलमं विकणं मला चुकीचं वाटतं.

आपल्या हातात उरतं ते पान कोरडं ठेवणं. काळ्या ठिपक्याचा बीजाणू रुजायला पान सुमारे सात तास ओलं राहावं लागतं. दौंडला कालव्याच्या पाण्यावरच्या उसाने वेढलेल्या वाफ्यात दव उशिरा उडतं. शिरूरच्या उघड्या माळावर वारा ते लवकर नेतो. भुरीला पानावर पाणी लागत नाही, दमट रात्र पुरते. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीत झाडाचा मध्य मोकळा करावा, कापांना बोर्डो पेस्ट लावावी, गळलेली पानं वेचून वाफ्याबाहेर न्यावीत आणि पाणी सकाळी बुंध्याशीच द्यावं.

नवं कलम घेताना फुलाचा रंग विचारता, तसं पावसाळ्यानंतर त्या जातीवर पानं किती टिकतात, हेही नर्सरीवाल्याला जरूर विचारा.