जागल

वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरच्या शिवारात तूर फुलावर आली की रात्री जाग्या होतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवून जातो, रोही चण्याचे शेंडे खुडून नेतात. म्हणून दिवसभर राबलेला माणूस घोंगडी खांद्यावर टाकून पुन्हा वावराकडे निघतो. अंधारात बॅटरीचा झोत फिरतो, एका वावरातून हाक उठते आणि दोन धुऱ्यांपलीकडून तिला ओ मिळते. काळ्या मातीचा गार वास येत असतो, तुरीवर दव उतरत असतं. रात्र निर्विघ्न गेली तर सकाळी दाखवण्यासारखं काहीच नसतं. पीक काल होतं तसंच आजही उभं असतं, एवढीच जागलीची कमाई.

पोटापाण्यासाठी पुण्यात आलो आणि शहरालाही असे जागले असतात हे कळलं. ते महापालिकेच्या फाइली वाचतात, निविदांचे आकडे ताडून पाहतात, रस्ता खरोखर किती जाड झाला ते विचारतात. अशाच एका लहानशा संस्थेला मी दरमहा थोडी रक्कम देतो. ती देताना दान केल्याची भावना मनात येत नाही. आपल्या वाट्याची रात्र दुसरा कुणी जागतो आहे, त्याला निदान चहाचे पैसे आपण द्यावेत, असं वाटतं.

गावातला कारभार डोळ्यांसमोर असतो. ग्रामसभेपुढे जमाखर्च ठेवावा लागतो आणि मागच्या रांगेतला एखादा म्हातारा उठून म्हणू शकतो, "सरपंच भाऊ, यंदा नालीवर किती लागले, तेवढं वाचून दाखवा ना." शहरात हा म्हातारा कुठे उभा राहणार? 2025-26 मध्ये पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक बारा हजार कोटींच्या पुढे गेलं, मुंबईचं चौऱ्याहत्तर हजार कोटींच्या. 1 जून 1993 पासून लागू झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीनं तीन लाख आणि त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. पण आपल्या प्रभागात यंदा काय खर्च झाला, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांत बसून विचारण्याची सवय शहराला लागलीच नाही. शहरात प्रश्न विचारायचा तर कागद मागावा लागतो, तो वाचता यावा लागतो आणि उत्तर मिळेपर्यंत चिकाटी धरावी लागते.

ती चिकाटी महाराष्ट्रात काहींनी धरली. पुण्याच्या सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर महापालिकेपासून महावितरणपर्यंत आणि रस्त्यांपासून टोलपर्यंत सगळ्यांचे हिशेब मागत आले. मुंबईत प्रजा फाउंडेशननं 1999 मध्ये महापालिकेबरोबर नागरिकांची सनद तयार केली आणि पुढे लोकप्रतिनिधींची प्रगतिपुस्तकं लोकांसमोर मांडली. 2009 मध्ये महेश झगडे पुण्याचे आयुक्त असताना दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कुणाही नागरिकाला महापालिकेच्या फाइली पाहता येतील, असा पायंडा पडला. 2018 मध्ये राज्य सरकारनं तोच कित्ता जिल्ह्यांतल्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना घालून दिला. माहिती अधिकाराचा अर्ज नको, तीस दिवसांची वाट पाहणं नको. टेबलावर फाइल यायची आणि तिच्यासमोर आपण बसायचं. लोकशाहीचं इतकं साधं, इतकं सुंदर चित्र मला दुसरं ठाऊक नाही.

हिशेब मागण्याची ही परंपरा आम्हा वर्धेकरांना परकी नाही. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला. मदतनिधीचा हिशेब जे. सी. कुमारप्पांकडे होता. लंडनमध्ये लेखापालाचं शिक्षण घेतलेला हा माणूस. स्वयंसेवकांच्या खर्चाला त्यांनी काटेकोर मर्यादा घातली होती. खुद्द गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे आले, तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून करता येणार नाही, असं कुमारप्पांनी कळवलं. तो पैसा भूकंपग्रस्तांचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हेच कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. गांधीजींनाही नियम दाखवणाऱ्या माणसाला गांधीजींनी आपल्या कामाच्या केंद्रस्थानी बसवलं. हिशेब विचारणारा माणूस शत्रू नसतो, हे वर्ध्याच्या मातीनं असं जवळून पाहिलं आहे.

तरीही अशा कामाला पैसा मिळणं फार कठीण असतं. शाळा बांधली तर इमारत दिसते, अन्नछत्र चालवलं तर जेवणारी माणसं दिसतात. वाचलेला पैसा मात्र दिसत नाही. फुगवलेली निविदा रद्द झाली त्या दिवशी कुठलीही कोनशिला बसत नाही. ज्यांच्याकडे भरपूर पैसा आहे, त्या कंत्राटदारांना आणि बांधकाम व्यावसायिकांना महापालिकेची परवानगी हवी असते, त्यामुळे ते या वाटेला येत नाहीत. आले तरी त्यांचा पैसा घेऊन चालत नाही. ज्यांचे हिशेब तपासायचे, त्यांच्याकडूनच अनुदान कसं घ्यायचं? उरतात ती तुमच्याआमच्यासारखी पगारदार, पेन्शनर, दुकानदार माणसं. शंभर जणांनी थोडंथोडं दिलेल्या पैशावर उभ्या असलेल्या संस्थेला कुणा एकाच्या फोनची भीती राहत नाही. लहान देणगी हाच तिच्या स्वातंत्र्याचा पाया आहे.

खर्च तरी काय असतो? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, पहिल्या अपिलाला वीस रुपये, प्रतींसाठी पानामागे दोन रुपये. मग माहिती आयोगापुढच्या सुनावणीचा प्रवास आणि कागद लावून ठेवणाऱ्या एखाद्या तरुणाचं मानधन. पैशापेक्षाही मोठी गरज असते ती सोबतीची. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला निघालेल्या शेट्टींचा खून झाला. एकट्या माणसाला गाठता येतं. ज्याच्यामागे शेकडो नावं उभी आहेत, त्याला गाठताना हात कचरतो.

मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. सभागृह रिकामं होतं, खर्च मात्र थांबला नव्हता. त्या काळात या लहान संस्थांचे प्रश्न हेच शहराचे उघडपणे विचारलेले प्रश्न होते. सभागृह भरलेलं असतानाही त्यांची गरज कमी होत नाही, कारण एकमतानं मंजूर झालेला ठरावही कुणीतरी वाचायला हवा.

म्हणून एवढंच सांगतो. तुम्ही पुण्यात असा, नागपुरात असा की हिंगणघाटात, आपल्या गावची अशी एखादी संस्था शोधा. आधी तिचाच हिशेब मागा. धर्मादाय आयुक्तांकडे दिलेला ताळेबंद ती आनंदानं दाखवत असेल, तर दरमहा झेपेल तेवढी रक्कम तिला द्या. आणि एखाद्या दिवशी स्वतः पालिकेत जाऊन आपल्या गल्लीच्या रस्त्याची फाइल मागा. ती तुमचीच आहे.