वाळूच्या गावचे किनारे

आपण हैदराबादकर मराठी माणसे समुद्रापासून तशी दूरच. आपल्या शहरातला सागर म्हणजे हुसेनसागर. खरा समुद्र पाहायचा तर सूर्यलंकेला किंवा मछलीपट्टणला जावे लागते, आणि तेही सवडीने. त्यामुळे ‘समुद्रावर जाऊ या’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात एकच चित्र असते: वाळू, लाटा, शिंपले आणि मावळता सूर्य. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाच्या लेखी मात्र असा एकच समुद्र नसतो. दर उपसागराचे, दर वळणाचे पाणी त्याला निराळे दिसते. दक्षिण श्रीलंकेतील वेलिगाम या गावी गेल्या जानेवारीत आमचे दहा दिवस वास्तव्य झाले, तेव्हा ही गोष्ट आमच्या चांगलीच ध्यानी आली. वाचकांपैकी कोणी सहकुटुंब तिकडे जाणार असतील, तर त्यांना उपयोगी पडावे म्हणून हे चार शब्द.

वेलिगामचे नाव ऐकताच मराठी कान टवकारतात. सिंहली ही आपल्या मराठीप्रमाणेच आर्यकुळातील भाषा. ‘वेलि’ म्हणजे वाळू, ‘गम’ म्हणजे गाव. जुन्या पाली ग्रंथांत हेच गाव ‘वालुकागाम’ होते. गॉल आणि मातारा या दोन शहरांच्या मध्ये, चंद्रकोरीसारख्या उपसागराच्या काठी ते वसले आहे. कोलंबोहून आगगाडीने सुमारे तीन तास लागतात आणि वाटेत कित्येक ठिकाणी रूळ अगदी समुद्राला खेटून जातात. एकेकाळचे हे कोळ्यांचे गाव आज सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याची विद्या, शिकण्यासाठी जगभर ओळखले जाते.

आमच्या मंडळींच्या इच्छा चार तऱ्हेच्या होत्या. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ही फळीची विद्या शिकायची होती. अकरा वर्षांच्या मुलीला कासव पाहायचे होते. पत्नीला गॉलचा जुना डच किल्ला हवा होता. आणि शहात्तर वर्षांच्या आईची इच्छा सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत अवघड होती. तिने आयुष्यात समुद्र तीनदा पाहिला. पण दर वेळी कोणीतरी तिचा दंड धरून तिला घोटाभर पाण्यातून माघारी आणले. ‘एकदा तरी छातीभर पाण्यात निवांत बसू द्या रे,’ एवढेच तिचे मागणे. तिचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. लाटेच्या एका धक्क्याने ती पडली, तर पुन्हा उठणे कठीण. तेव्हा सर्वांत सुंदर किनारा कोणता, हा आमच्यापुढचा प्रश्नच नव्हता. कोणाला कोणता किनारा मानवेल, हा होता.

याचे उत्तर शोधताना थोडे समुद्राचे शास्त्र समजून घ्यावे लागले. मातारापुढचे दोंद्रा हे टोक म्हणजे श्रीलंकेचे दक्षिण टोक. तेथून सरळ दक्षिणेस दृष्टी लावली, तर अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही. त्या दूरच्या दक्षिण महासागरात वादळे उठतात आणि त्यांनी उसळलेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून या किनाऱ्याला येऊन भिडतात. सर्व गावांना येणारी लाट तीच. पण शेवटच्या पन्नास-शंभर पावलांत ती कशी वागेल हे पाण्याखालचा तळ ठरवतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. तळ वाळूचा आणि हळूहळू चढत जाणारा असेल, तर ती माथ्यावरून अलगद ढासळते आणि फेस होऊन पसरते. तळ खडकाचा किंवा पोवळ्याचा असून एकाएकी वर आलेला असेल, तर तीच लाट भिंतीसारखी उभी राहून कोसळते. आणि पोवळ्याची रांग किनाऱ्यापासून दूर, बांधासारखी आडवी पसरली असेल, तर लाटेचे बळ बाहेरच संपते आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. किनारा निवडणे म्हणजे खरे तर तळ निवडणे होय.

वेलिगामचा तळ पहिल्या प्रकारचा. म्हणूनच नवशिक्यांना तो मानवतो. मुलाला शिकवणारा तरुण कोळ्याच्याच घरचा होता. त्याने पहिला अर्धा तास पाण्यात पाऊल टाकू दिले नाही. कोरड्या वाळूवर फळी ठेवून निजणे, हातांवर उठणे आणि उभे राहणे हेच पुन्हा पुन्हा करून घेतले. नंतर कमरेएवढ्या पाण्यात, फुटलेल्या लाटेच्या फेसावर धडे सुरू झाले. फळी लांब, रुंद आणि मऊ पृष्ठभागाची असते, तरी ती निसटून एखाद्याच्या कपाळावर आदळली तर इजा होतेच. सकाळी नऊनंतर उपसागराचा मधला भाग शिकाऊ मंडळींनी इतका भरून जातो, की तेथे स्नान करणाऱ्याने जाऊ नये हेच बरे. आई दोन दिवस काठावर खुर्ची टाकून नातवाचे पडणे मोजत बसली. ‘बाविसाव्यांदा उभा राहिला,’ असे तिने मोठ्या अभिमानाने आम्हांस सांगितले.

या गावी पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. किनाऱ्यालगतच तप्रोबेन नावाचे इवलेसे बेट आहे. त्यावर एका युरोपियन सरदाराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगला बांधला. तप्रोबेन हे ग्रीकांनी लंकेला दिलेले नाव. गावात एका शिळेत कोरलेली सुमारे बारा फूट उंचीची बोधिसत्त्वाची मूर्ती आहे. तिला ‘कुष्ठराजगल’ म्हणतात. कोणा एका राजाचे कुष्ठ तीन महिने केवळ नारळाचे पाणी पिऊन बरे झाले, अशी तिच्यामागची लोककथा.

मात्र या शांत उपसागराला एक मोठे दुःख ठाऊक आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीच्या लाटांनी हा सारा किनारा धुऊन नेला. त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणजे तिकडे सुटीचा दिवस. श्रीलंकेत ३०,००० हून अधिक माणसे गेली. हिक्कडुवजवळ पेरलिय येथे एक भरलेली आगगाडीच लाटेखाली सापडली आणि एकट्या तिच्यात हजाराहून अधिक प्रवासी दगावले. आज रस्त्यांवर उंचवट्याकडे जाण्याची दिशा दाखवणाऱ्या पाट्या आहेत. आपल्याला ठाऊक असावे असे आणखी एक: २००७ पासून भारताचे सुनामी सूचना केंद्र आपल्या हैदराबादेतच काम करते आणि हिंदी महासागराच्या काठच्या इतर देशांनाही तेथून सूचना जातात. तथापि सूचना येवो न येवो, जमीन हादरली किंवा समुद्र एकाएकी आत ओसरून तळ उघडा पडला, तर शिंपले वेचीत न राहता तडक उंचावर जावे, हे लेकरांना आधीच सांगून ठेवावे.

वेलिगामहून पश्चिमेस गेले की मिदिगम आणि अहंगम लागतात. येथे तळ पोवळ्याचा आणि खडकाचा. लाटा देखण्या, पण त्या मुरलेल्या सर्फरांसाठी. पाण्याखाली काटेरी समुद्री साळू असतात. त्यांचे काटे पायात मोडले की दिवस वाया जातो. आपण काठावरून पाहावे आणि शहाळे प्यावे. पाण्यात रोवलेल्या खांबांवर बसून गळ टाकणारे कोळी याच पट्ट्यात, कोग्गलपर्यंत, दिसतात. आता त्यांतील कित्येक जण मासळीपेक्षा छायाचित्रांवर पोट भरतात. दर आधी ठरवावा आणि मग मनात किंतु ठेवू नये.

आणखी पुढे, सुमारे वीस किलोमीटरांवर, उनवटुन. त्याच्या शेजारच्या टेकडीचे नाव रुमस्सल. लक्ष्मणासाठी संजीवनीचा डोंगर घेऊन येताना मारुतीरायाच्या हातून त्याचा एक तुकडा येथे पडला, असे तेथील बौद्ध माणसेही सांगतात आणि ‘तो पहा पडला’ या अर्थाच्या सिंहली शब्दांवरून गावाचे नाव पडले असे मानतात. आईने टेकडीला दुरूनच हात जोडले. उनवटुनचा उपसागर पोवळ्याच्या आड असल्याने पोहणाऱ्यांचा आवडता. परंतु मध्यंतरी समुद्रात बंधारा घातल्यावर वाळू वाहून गेली आणि बाहेरून वाळू आणून टाकावी लागली. आता काही ठिकाणी काठ उतरता नसून एकदम खोल आहे. पत्नीने आणि मी तेथे पोहून घेतले; आईला मात्र तो उतार झेपण्यासारखा नव्हता. पत्नीचा गॉलचा किल्ला येथून अगदी जवळ.

वेलिगामच्या पूर्वेस पाच-सहा किलोमीटरांवर मिरिसा. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात निळे देवमासे पाहण्यासाठी येथून नावा सुटतात. किनारा चित्रासारखा सुंदर, आणि फसवाही तितकाच. दोन बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मध्ये दहा-पंधरा पावलांचा पट्टा अगदी संथ दिसत होता. मुलगी तिकडेच निघाली होती. एका शहाळेवाल्या म्हाताऱ्याने हातातला कोयता खाली ठेवला, तिच्या आडवा येऊन उभा राहिला आणि बोटाने समुद्राच्या आतली दिशा दाखवली. नीट पाहिले तेव्हा त्या संथ पट्ट्यातून वाळूने गढूळ झालेले पाणी आणि फेस आत, खोल समुद्राकडे सरकताना दिसला. लाटांनी काठावर आणून टाकलेले पाणी अशाच वाटेने परत जाते. तिथे लाट फुटत नाही म्हणून तो भाग शांत भासतो. प्रत्यक्षात तो आत ओढणारा प्रवाह असतो. बुडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण अशाच जागी, काठाकडे सरळ पोहण्याच्या धडपडीत दमून बुडतात. अशा ओढीत कोणी सापडलाच, तर त्याने प्रवाहाशी झुंजू नये. काठाला समांतर पोहत बाजूला व्हावे, आणि ते जमत नसेल तर नुसते तरंगत राहून हात वर करावा. त्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो नाही. मुलीचा रुसवा एका शहाळ्याने निघाला.

अखेर आईचा किनारा सापडला तो पोल्हेन येथे. हे मातारा शहराचेच एक उपनगर. वेलिगामहून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. रिक्षा आपल्याच बजाजची, तिकडे तिला टुकटुक म्हणतात. पोल्हेनच्या समोर पोवळ्याचा नैसर्गिक बांध आहे. बाहेर लाटा गरजत असतात आणि आत कमरेएवढे, नितळ, कोमट पाणी. भरती-ओहोटीतला फरकही या बाजूस थोडाच असतो. परदेशी पाहुणे येथे कमी. सिंहली कुटुंबे मात्र आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांना घेऊन आलेली आणि बायका अंगभर कपड्यांनिशी पाण्यात बसलेल्या. त्यामुळे आईला नऊवारीचा संकोच वाटला नाही. तळात मधूनच खडक असतात म्हणून आम्ही तिच्या पायांत रबरी जोडे घातले आणि दोन्ही बाजूंनी हात धरून तिला उतरवले. जवळच्याच एका सिंहली बाईने ‘अम्मा’ म्हणत आपल्याशेजारी वाळूची मोकळी जागा दाखवली. आई तेथे छातीभर पाण्यात पाऊण तास बसली. फारसे बोलली नाही. एकदा ओंजळीत पाणी घेऊन सूर्याला अर्घ्य दिले, आणि मग आमचे हात आपणहून सोडले. त्याच पाण्यात थोड्या अंतरावर मुलीला तिचे कासवही दिसले. परतताना दोंद्र्याला गेलो. त्याचे सिंहली नाव देविनुवर, म्हणजे देवनगर. तेथील प्राचीन मंदिर सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनी पाडले; पण विष्णूची पूजा तेथे आजही चालते.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. या दक्षिण किनाऱ्यावर डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळलेला असतो. त्या महिन्यांत सर्फिंग करणारी मंडळी पूर्वेकडील अरुगम उपसागराकडे वळतात. दर पौर्णिमेला ‘पोय’ची सुटी असल्याने त्या दिवशी किनारे स्थानिक माणसांनी फुललेले असतात. शिकाऊ तरुणांसाठी वेलिगाम, डोळ्यांच्या सुखासाठी अहंगम आणि मिरिसा, चांगले पोहणाऱ्यांसाठी उनवटुन, आणि वृद्ध माणसे व मुले सोबत असतील तर पोल्हेन, अशी आमची वाटणी झाली.

तथापि वाळू सरकते आणि ऋतू पालटतो. या वर्षीचा शांत किनारा पुढच्या वर्षी तसाच असेल असे नाही. म्हणून ही यादी हाती असली तरी पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी तेथल्या एखाद्या कोळ्याला नाहीतर शहाळेवाल्याला विचारावे. त्याची भाषा आपल्याला येत नसली, तरी त्याचे बोट कोठे वळते ते पाहावे आणि तेवढे मानावे.