स्टेशनवरचे मोमो

दिग्रसला अजून रेल्वे आलेली नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं नाव आम्ही कित्येक वर्षं ऐकतो आहोत, पण प्रवासाला निघायचं म्हणजे आमच्यासाठी एसटी स्टँडच. म्हणून लेकीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी नागपूरला जायचं ठरलं, तेव्हा मेट्रोत बसायचं हे तिनं घरूनच कबूल करून घेतलं होतं. दुपारी ज्या स्टेशनवर उतरलो, त्याच इमारतीत मोमोचं एक छोटं दुकान होतं. चार टेबलं, काचेमागे एकावर एक रचलेले ॲल्युमिनियमचे डबे आणि त्यांतून निघणारी वाफ.

मोमो आपल्या मुलांना आता नवे नाहीत. ते तिबेट-नेपाळकडून आले. चीनमध्ये याच जातीच्या पदार्थाला ज्याओझ म्हणतात, उझबेक लोक मंती करतात. मैद्याची पातळ पारी, आत सारण, वर मोदकासारख्या चुण्या. तळलेलं नाही, म्हणून मलाही बरं वाटतं.

मी काउंटरवर विचारलं, “भाई, चिकन हलाल है?” लेकीनं मागून माझी ओढणी ओढली. “अम्मी, यहाँ मत पूछो ना. लोग देख रहे हैं.”

खरं तर कोणी बघत नव्हतं. पण तिच्या वयाला तसं वाटतं, आणि आजकाल मोठ्यांनाही वाटतं. ‘हलाल’ हा शब्द चारचौघांत उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो, हे मी माझ्याही बाबतीत पाहिलं आहे.

काउंटरवरचा मुलगा सरळ होता. म्हणाला, “दीदी, माल मालिक भेजते हैं. मुझे पक्का मालूम नहीं.” ‘हो हो, हलालच आहे’ असं सांगून तो मोकळा झाला असता. तसं सांगणारे कमी नाहीत. मग भाजीचे मोमो सांगितले आणि दुसरा प्रश्न विचारला, डबा वेगळा आहे का? हे विचारायलाच हवं. डबे एकावर एक असले की वरच्या डब्याचं पाणी खालच्यात ठिबकतं. वर चिकन आणि खाली कोबी असेल तर तो कोबी नुसता कोबी राहत नाही. त्यानं बाजूची दुसरी शेगडी दाखवली. भाजीचे डबे तिथं होते.

तेवढ्यात आमच्या मागे उभ्या असलेल्या एका आजींनी खणखणीत आवाजात विचारलं, “व्हेजचं भांडं वेगळं आहे ना रे? आणि लसूण घातलाय का?” त्यांची ओढणी ओढायला कोणी नव्हतं. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही बोलले नाही.

टेबलावर बसल्यावर मात्र बोलले. शिक्षिकेला गप्प कुठं बसवतं! चीनमध्ये हुई नावाचे मुसलमान आहेत, एक कोटीहून जास्त. बोलतात चिनी, खातात चिनी. पण तिथं नुसतं ‘मांस’ म्हटलं की बहुतेक वेळा डुकराचंच समजतात. म्हणून त्यांच्या खाणावळींवर ‘छिंगचन’ अशी पाटी असते. शब्दशः अर्थ शुद्ध आणि खरं. शिआन शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यात मटण-बीफच्या रश्शाचे वाफवलेले गोळे खायला बिगरमुस्लिमही रांग लावतात. २०१९ मध्ये बीजिंगमध्ये अशा दुकानांना पाटीवरची अरबी अक्षरं काढायला लावली गेली. लेकीनं विचारलं, “फिर लोग कैसे पहचानते होंगे?” मी म्हटलं, विचारून.

चटणीचं राहिलंच. सिरका हलाल आहे, हुजूर (स.) यांनी सालन म्हणून त्याची तारीफ केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. सोया सॉस आंबवून करतात, त्याबद्दल शंका असेल तर आपल्या भरवशाच्या आलिमना विचारावं. चिनी स्वयंपाकात तांदळाची दारू मात्र मुद्दाम घालतात, आणि मोठ्या हॉटेलात ते आपण होऊन कोणी सांगत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो आणि मांसाहाराची खूण हलालबद्दल काहीच सांगत नाही. या दुकानात चटणी टोमॅटो-मिरचीची होती. जाम तिखट. आम्ही वैदर्भीय, तरी पाणी मागावं लागलं.

एवढं सगळं मी एका प्लेटीसाठी करत नव्हते. जुलैपासून ती वसतिगृहात राहणार होती. सकाळी आम्ही तिथली मेस पाहून आलो होतो आणि तिथं प्रश्न मीच विचारले होते. ती भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभी होती. माझ्यामागे तिथं विचारणारं कोणी नसेल, हा घास माझ्या गळ्याखाली उतरत नव्हता. दुसरी प्लेट सांगायची होती. मी पर्स तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “जा, तू सांगून ये.” ती गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण त्या मुलानं पुन्हा बाजूच्या शेगडीकडे बोट दाखवलेलं मला दिसलं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी तिचा फोन आला. मैत्रिणींबरोबर कुठंतरी मोमो खायला गेली होती. तिथल्या माणसाला चिकनचं सांगता आलं नाही, म्हणून भाजीचे घेतले. “और अम्मी, बर्तन का भी पूछा.” मागून मैत्रिणींच्या हसण्याचा आवाज येत होता. कशाला हसतात, असं मी विचारलं. “कुछ नहीं,” म्हणाली, आणि चादरी कधी पाठवणार ते विचारू लागली.