वेडाचा व्यवसाय

आज हिशेबाची वही मिटताना ग्रॅहम नर्न आठवले. इंग्लंडमधल्या सरी परगण्यातल्या केटरहॅमचे गाडीविक्रेते. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन ही गाडी १९५७ साली आली: चैनीचं काहीच नाही, वजन अगदी कमी, म्हणून साध्या इंजिनावरही चपळ. ती सुट्या भागांत घेऊन घरी जोडली की खरेदी-कर वाचे. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला, ती सवलत गेली. लोटसलाही महागड्या गाड्यांचे वेध लागले होते. त्याच वर्षी नर्न यांनी सेव्हनचे हक्क घेतले. गिऱ्हाइकांचा जीव चौथ्या आवृत्तीपेक्षा जुन्या तिसरीवर आहे, हे ओळखून पुढे तीच बनवायला घेतली. केटरहॅम सेव्हन आजही बनते.

गाड्यांचं वेड अनेकांना असतं. नर्न एकाच गाडीला धरून राहिले. तिचे भाग, तिच्या खोडी, तिचे मालक त्यांना ठाऊक झाले. आमच्या गाड्यांच्या धंद्यातलं खरं भांडवल तेच. आवडीच्या कामात तासांचं भान राहत नाही, पण बिलात ते तास यायलाच हवेत. नाहीतर दुकानासोबत छंदही बुडतो. मला आता दहा गाड्यांचा मोह नको. एकच गाडी निवडायची आणि तिच्यासाठी लोकांनी विश्वासाने माझ्याकडे यावं, इतकी ती शिकायची.