मृत्यूशीं मांडलेला डाव

इतिहास शिकविणाऱ्या माणसास 'बिल अँड टेड्स एक्सलंट अ‍ॅडव्हेंचर' हा १९८९ सालचा अमेरिकन चित्रपट आवडावा, यांत नवल नाहीं. कॅलिफोर्नियांतील सॅन डिमास गांवचे दोन आळशी, गिटारवेडे विद्यार्थी इतिहासांत नापास होण्याच्या बेतांत असतां त्यांस कालप्रवास करणारी टेलिफोनची पेटी मिळते, आणि तींतून सॉक्रेटिस, नेपोलियन, लिंकन अशा थोरांस उचलून ते थेट शाळेच्या सभागृहांत आणून उभे करितात. अशी तोंडी परीक्षा माझ्या वर्गांत कोणी दिली, तर गुण देतांना मीही हात आखडणार नाहीं! परंतु मला त्याहून प्रिय आहे तो १९९१ सालीं आलेला त्याचा पुढील भाग, 'बिल अँड टेड्स बोगस जर्नी'. हें मत पुष्कळ पालकांस रुचणार नाहीं, हें मी जाणून आहें. कारण यांत अभ्यासाचें नांव नाहीं, आणि विनोद आहे तो मृत्यू, नरक व स्वर्ग यांवर.

भविष्यांतून आलेले, हुबेहूब नायकांसारखे दिसणारे दोन दुष्ट यंत्रमानव बिल व टेड यांस कड्यावरून लोटून ठार करितात. काळा झगा, पांढराफटक चेहरा, असा साक्षात् मृत्यू समोर उभा राहतो. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन याच्या १९५७ सालच्या 'द सेव्हन्थ सील' या गंभीर चित्रपटांत एक सरदार मृत्यूशीं बुद्धिबळ खेळतो. बर्गमन हा लूथरन पाळकाचा मुलगा. ती कल्पना टेबी येथील जुन्या ख्रिस्तमंदिराच्या भित्तिचित्रांतली. आमचे हे दोघे बुद्धिबळाऐवजीं मुलांचे खेळ मांडतात. पहिला बॅटलशिप. मृत्यू हरतो, आणि हरतांच तीनांपैकीं दोन डाव जिंकेल तोच खरा, असें ठरवूं पाहतो. मग क्लू, मग विजेवर थरथरणाऱ्या पटावरचा फुटबॉल, शेवटीं चटईवरील रंगीत वर्तुळांवर हातपाय टेकवीत वेडेंवाकडें व्हावयाचा ट्विस्टर. मधल्या सुटींत मैदानावर ही वकिली मीं किती वेळां ऐकली आहे! विल्यम सॅडलर या नटानें हा मृत्यू असा रंगविला आहे कीं, हसतां हसतां त्याची कींव येऊं लागते.

ही पवित्र गोष्टींची विटंबना नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायांत पौल मरणास जे प्रश्न विचारतो, त्यांचा सूर विनवणीचा नाहीं, हिणविण्याचा आहे. माझ्या आईच्या दफनविधींत तो अध्याय वाचला गेला, तेव्हां शब्द कानांवर पडत होते, सूर ऐकूं येत नव्हता. पुढें वर्षभरानें विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून हा चित्रपट पाहत असतां तो एकाएकीं ऐकूं आला. हंसत होतों खरा, पण चष्मा पुसावा लागला.

नरकाचा भागही पोरकट नाहीं. टेडनें एकदां धाकट्या भावाची ईस्टरची खाऊची टोपली पळविलेली असते. तेथें त्याच्या पाठीस लागतें तें हेंच. प्रवचनांत जें अर्ध्या तासांत साधत नाहीं, तें लेखक क्रिस मॅथेसन व एड सॉलोमन यांनीं दोन मिनिटांत साधलें आहे.

स्वर्गाच्या दारांत तिघांचे कपडे हिसकावून घेण्याचा प्रसंग मात्र मला मुळींच आवडला नाहीं. शिक्षक या नात्यानें दुसरी तक्रार अशी कीं, या दोघांस गिटार येत नाहीं, म्हणून शेवटीं ते कालप्रवास करून सोळा महिने शिकून येतात, आणि आपणांस दिसतात त्या केवळ वाढलेल्या दाढ्या व पाठुंगळीचीं मुलें! सरावाचे ते सोळा महिने पडद्यावर क्षणभरही नाहींत. माझ्या वर्गांतील कांहीं मंडळींस नेमकी हीच युक्ति हवी आहे.

हरलेला मृत्यू अखेर यांच्याच वाद्यवृंदांत बेस गिटार वाजवूं लागतो. २०२० सालच्या तिसऱ्या भागांत सॅडलर पुन्हां त्याच वेषांत येतो. मधल्या काळांत आपल्या लांबलचक एकट्या वादनावरून त्याचें मित्रांशीं बिनसलेलें असतें, आणि नरकांत गांठ पडते तेव्हांही स्वारी रुसलेलीच असते.